पाच वर्षांची मुदत

अमेरिकेतील ज्या स्त्री-फुटबॉल लीगने आपल्या एकूण एक खेळाडूंना पगार देण्याचे धाडस केले, तिचे दप्तरी नाव विमेन्स युनायटेड सॉकर असोसिएशन असे होते. आणि ती २००० साली रीतसर स्थापन झाली असली, तरी तिचा खरा जन्म १० जुलै १९९९ रोजी, कॅलिफोर्नियातील पॅसाडीना येथील रोझ बोल मैदानावर, ९०,१८५ प्रेक्षकांच्या समक्ष झाला, असेच म्हटले पाहिजे. त्या दुपारी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात अमेरिका व चीन यांच्यात कोणालाच गोल करता येईना. जादा वेळात चीनच्या फान युनजिये हिने डोक्याने मारलेला चेंडू, गोलरक्षकाला चुकवून आता आत जाणार अशा क्षणी, गोलरेषेवर उभ्या असलेल्या क्रिस्टीन लिलीने आपल्या डोक्याने परतवला. पुढे पेनल्टी फटक्यांची पाळी आली तेव्हा ब्रायाना स्करीने लिऊ यिंगचा फटका अडविला. आणि अखेरचा फटका डाव्या पायाने जाळ्यात धाडून ब्रँडी चॅस्टेनने अंगातील जर्सी उतरविली व ती गुडघ्यांवर बसली. त्या जर्सीची चर्चा जगभर झाली. आम्हांला विचाराल तर त्या दिवसाचे श्रेय आधी लिलीच्या डोक्याला, मग स्करीच्या हातांना आणि त्यानंतर जर्सीला. परंतु छायाचित्रकारांचा न्याय निराळा असतो.

हा सारा समुदाय आकाशातून पडलेला नव्हता. १९७२ साली अमेरिकेत जो कायदा झाला, त्याने सरकारी साहाय्य घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना स्त्री-पुरुष भेद करण्यास मनाई केली. त्याच्या बळावर महाविद्यालयांतून मुलींचे संघ निघाले, शिष्यवृत्त्या मिळू लागल्या, आणि दोन-अडीच दशकांत उत्तम खेळणाऱ्या मुलींची एक अख्खी पिढी उभी राहिली. मात्र पदवीचा कागद हाती पडला की राष्ट्रीय संघातल्या मोजक्या जणी वगळता बाकीच्यांना आपले बूट खुंटीला टांगण्यावाचून गत्यंतर नसे.

ही उणीव भरून काढण्यास जे पुढे आले, ते डिस्कव्हरी वाहिनीचे संस्थापक जॉन हेन्ड्रिक्स. त्यांनी केबल व्यवसायातील कॉमकास्ट, कॉक्स, टाइम वॉर्नर यांसारख्या मातब्बर कंपन्यांना भागीदार करून घेतले, सुमारे ४ कोटी डॉलरांच्या भांडवलावर पाच वर्षे निभावतील असा हिशेब मांडला, आणि विश्वविजेत्या संघातील खेळाडूंसह वीस जणींना लीगच्या मालकीत हिस्सा देऊन ‘संस्थापक खेळाडू’ म्हणून आठ संघांत वाटून दिले. पगारदार खेळाडूंना मालकीत वाटा मिळावा, ही गोष्ट पुरुषांच्या खेळातही विरळाच.

१४ एप्रिल २००१ रोजी वॉशिंग्टनच्या आरएफके मैदानावर ३४,१४८ प्रेक्षकांपुढे पहिला सामना झाला. एकीकडे वॉशिंग्टन फ्रीडममध्ये मिया हॅम, दुसरीकडे बे एरिया सायबररेजमध्ये चॅस्टेन; पॅसाडीनाला एकाच रंगात न्हालेल्या या दोघी आता समोरासमोर होत्या. उत्तरार्धात पंचांनी चॅस्टेनने हॅमला अवैध रीतीने अडविल्याचा निर्णय दिला आणि पेनल्टी बहाल केली. तो फटका मात्र हॅमने घेतला नाही. ब्राझीलच्या प्रेटिन्हाने घेतला, आणि लीगच्या इतिहासातील पहिला गोल व सामन्यातील एकमेव गोल तिच्या नावे नोंदला गेला. ज्यांच्या नावावर तिकिटे खपली त्या दोघींनी मिळून केवळ प्रसंग घडवून आणला, आणि फळ पडले एका पाहुणीच्या पदरात!

पुढची कथा जमाखर्चाची आहे, आणि ती सुखाची नाही. पाच वर्षांकरिता राखलेले भांडवल पहिल्याच वर्षात बहुतांशी संपले. सामन्यागणिक सरासरी आठ हजारांच्या आसपास प्रेक्षक येत, ते पुढील दोन हंगामांत सात हजारांच्याही खाली आले. मैदानावर येणाऱ्यांत फुटबॉल खेळणाऱ्या लहान मुली व त्यांना गाडीतून आणणारे आईबाप यांचा भरणा मोठा होता; परंतु केबलचे धनी ज्या गिऱ्हाइकाची वाट पाहत होते, ते घरी बसून पाहणारे गिऱ्हाईक दूरचित्रवाणीसमोर जमेना, आणि पहिल्या वर्षानंतर वाहिनी बदलूनही जमेना. जाहिरातदारांनी जी रक्कम द्यावी अशी अपेक्षा होती, ती देणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच निघाले. २००३ च्या हंगामापूर्वी संस्थापक खेळाडूंनी आपल्या पगारात कपात मान्य केली. एका उत्सवाच्या गर्दीवरून बारमाही बाजाराचा अंदाज बांधणे, ही चूक जत्रेतल्या नव्या दुकानदाराने केली असती तर समजण्याजोगी होती. या भागीदारांचा तर माणसे किती वेळ कोणती वाहिनी पाहतात हे मोजण्याचाच धंदा होता.

खेळ मात्र पहिल्या प्रतीचा होता. चीनची सुन वेन, जपानची होमारे सावा, इंग्लंडची केली स्मिथ, फ्रान्सची मारिनेट पिशाँ, जर्मनीच्या बिर्गिट प्रिंझ व मारेन माइनर्ट अशा देशोदेशींच्या खेळाडू येथे एकत्र आल्या. अनुक्रमे बे एरिया, कॅरोलिना व वॉशिंग्टन या तीन संघांनी तीन वर्षांची विजेतेपदे पटकावली. तिसऱ्या हंगामातील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान बॉस्टनच्या माइनर्टकडे गेला.

१५ सप्टेंबर २००३ रोजी लीगने कामकाज बंद केल्याचे जाहीर केले; तोपर्यंतची बुडीत रक्कम सुमारे १० कोटी डॉलरांवर पोहोचली होती. चीनमध्ये सार्सची साथ पसरल्यामुळे त्या वर्षीचा विश्वचषक ऐनवेळी अमेरिकेत हलविण्यात आला होता आणि तो अवघ्या पाच दिवसांवर आला होता. तेव्हा कालपर्यंत एका तिजोरीतून पगार घेणाऱ्या बायका आपापल्या देशाच्या जर्सी घालून परस्परांशी खेळावयास उतरल्या. ५ ऑक्टोबरला पोर्टलंड येथे उपान्त्य सामन्यात अमेरिकेची गाठ जर्मनीशी पडली. जर्मनी एका गोलने पुढे होती, नव्वद मिनिटे उलटली होती, यजमान सर्व बळ एकवटून चाल करून गेल्यामुळे त्यांची पिछाडी उघडी पडली होती. त्या दोन-तीन मिनिटांत प्रथम माइनर्टने गोल केला, पाठोपाठ प्रिंझने. गोलमध्ये उभी होती स्करी. आणि बॉस्टनमध्ये माइनर्टबरोबर खेळलेली लिली त्या दिवशी तिच्या विरुद्ध बाजूस होती.