महागडं कॅबिनेट परवडतं का? प्रश्न कोणाच्या खिशाचा, ते आधी ठरवा

संशोधनाचा विषय शोधताय ना? मग हा प्रश्न घेऊन बघा: कॉम्प्युटरच्या महागड्या कॅबिनेटचे पैसे वसूल होतात का? प्रश्न दुकानातला वाटेल. आपल्याकडे तर अख्ख्या खोक्यालाच ‘सीपीयू’ म्हणतात. प्रोसेसर वेगळा आणि त्याच्या भोवतीचा पत्रा वेगळा, हे लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग घ्यायला जाईपर्यंत अनेकांच्या लक्षातही येत नाही. पण हाच प्रश्न चाळीस-पंचेचाळीस वर्षं मागे नेला, की त्याचं उत्तर देणारी माणसंच एकमेकांच्या विरोधात साक्ष द्यायला लागतात. आपल्या कामाचं तिथेच सुरू होतं.

१९८० सालचं अ‍ॅपल थ्री घ्या. धंदेवाईक गिऱ्हाइकांसाठी काढलेलं मशीन, किंमत ४,३४० डॉलरपासून पुढे. त्याच्या आधीच्या वर्षी अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने संगणकांसाठी नियम केले होते. संगणकातून निघणाऱ्या रेडिओ लहरींमुळे आसपासच्या टीव्ही-रेडिओत खरखर येऊ नये, हा हेतू. म्हणजे बघा, खोकं ही तेव्हा नुसती शोभा नव्हती, कायदा पाळायचं ते साधन होतं. अ‍ॅपल थ्रीला ओतीव अ‍ॅल्युमिनियमचा भक्कम सांगाडा मिळाला. तो लहरी अडवणार आणि आतली उष्णताही बाहेर काढणार, कारण आत पंखा नव्हता. पंख्याचा आवाज स्टीव्ह जॉब्जना नको होता, असं सांगितलं जातं.

मशीन बिघडायला लागली. चिप्स सॉकेटमधून सैल व्हायच्या. उपाय काय सुचवला गेला? मशीन दोन-तीन इंच उचला आणि टेबलावर सोडून द्या, चिप्स परत बसतील! हा किस्सा इतका झकास आहे की प्रत्येक पुस्तकात सापडतो, आणि त्याच्या मागोमाग निष्कर्षही येतो: सुंदर, महागड्या खोक्याच्या हट्टापायी मशीन गुदमरलं.

इथे थांबा. खोक्याचे डिझायनर जेरी मॅनॉक यांनी हे साफ नाकारलंय. त्यांचं म्हणणं, चाचण्यांमध्ये उष्णता व्यवस्थित बाहेर पडत होती. खरा दोष बोर्डाचा. बोर्डावरच्या तारांच्या रेषा फार बारीक आणि फार जवळजवळ, ते तंत्र तेव्हा कच्चं, आणि डाख देताना शेजारच्या रेषा एकमेकींना चिकटायच्या. आता तुम्ही म्हणाल, खोकं बनवणारा माणूस खोक्याची बाजू घेणारच. बरोबर. पण मग बोर्डवाले खोक्याला दोष देतात, तेव्हा त्यांचा हितसंबंध कुठे जातो? हा वाद आठवणींवर सुटत नाही. दुरुस्तीच्या नोंदी, परत आलेले बोर्ड, तापमानाची मोजमापं, असा पुरावा लागतो. नसेल मिळत तर ‘खोक्यामुळे मशीन बुडालं’ हे वाक्य प्रबंधात लिहायचं नाही, एवढंच. माझं मत विचाराल तर मॅनॉक यांच्या बाजूत दम आहे, कारण ते बिघाडाची प्रक्रिया सांगतात. समोरची बाजू बहुतेकदा जॉब्जचा स्वभाव सांगते.

दुसरा घोळ ‘महाग’ या शब्दाचा. १९९८ चा आयमॅक आठवा, तो पारदर्शक निळा. वॉल्टर आयझॅकसन यांच्या जॉब्ज-चरित्रात त्याच्या आवरणाचा खर्च नगामागे ६० डॉलरच्या वर, म्हणजे साध्या खोक्याच्या तिप्पट दिलाय. ‘तिप्पट’ वाचून आपण दचकतो. पण आयमॅकची किंमत होती १,२९९ डॉलर. त्यात ६० म्हणजे पाच टक्केसुद्धा नाहीत. शिवाय तो कंपनीचा खर्च आहे, गिऱ्हाइकाने मोजलेला भाव नाही. हे दोन आकडे एका तक्त्यात शेजारी बसवलेले मी सेमिनारमध्ये पाहिलेत. कृपा करून तसं करू नका.

जोनाथन आइव्ह यांच्याच चमूचा जुलै २००० मधला पॉवर मॅक जी-फोर क्यूब मात्र गिऱ्हाइकाच्या खिशाचा प्रश्न सरळ विचारतो. पारदर्शक आवरणात लटकवलेला ठोकळा, पंखा नाही, १,७९९ डॉलर. त्याच कंपनीचा सर्वांत स्वस्त टॉवर १,५९९ ला मिळत होता, आणि त्यात जादा कार्डं घालायला जागा होती. क्यूबचा प्रोसेसर थोडा वेगवान होता, हे खरं. तरी वाढवता न येणाऱ्या मशीनला जास्त पैसे मोजायला फारसं कोणी तयार झालं नाही. त्यात आवरणावर बारीक रेषा दिसायला लागल्या. कंपनी म्हणाली, त्या साच्याच्या खुणा आहेत. गिऱ्हाईक म्हणालं, तडे आहेत. जुलै २००१ मध्ये उत्पादन थांबलं. आज तो क्यूब न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात आहे. ‘वसूल’ कोणाच्या हिशोबाने धरायचं?

सुट्या कॅबिनेटचं गणित याहून वेगळं, आणि त्याला कारण आहे १९९५ सालचं इंटेलचं एटीएक्स मानक. बोर्डाचं माप, स्क्रूची भोकं, मागच्या पट्टीची जागा ठरून गेली. त्यामुळे प्रोसेसर, बोर्ड बदलत राहिले तरी खोकं तेच ठेवता येऊ लागलं. तीन बोर्डांना पुरलेल्या कॅबिनेटची किंमत तीनने भागायला हवी. अ‍ॅपल थ्रीच्या सांगाड्याला ही सवलत कधीच नव्हती. अर्थात हवा खेळायची सोय आणि पत्र्याची जाडी एका पातळीपुढे गेली की फरक मोजपट्टीवर दिसेनासा होतो, तिथून पुढचे पैसे काचेचे आणि दिव्यांचे.

या विषयावर काम करायचं असेल तर जुन्या जाहिरातींपासून सुरुवात करू नका. सर्व्हिस मॅन्युअल आधी उघडा. खोकं उघडायला किती स्क्रू काढावे लागतात, हे त्यात लिहिलेलं असतं, आणि ते लिहिणाऱ्याला काहीही विकायचं नसतं.