मानेचा ‘कट्ट’ आवाज आणि सव्वाशे वर्षांचा वाद

१/ शिरूरची बाजारपेठ असो वा दौंडचा स्टेशन परिसर. सलूनमध्ये दाढी आटोपली की चंपी होते आणि अखेरीस मान झटक्याने वळवून ‘कट्ट’ आवाज काढला जातो. अशाच झटक्यांवर अमेरिकेत एक उपचारपद्धती उभी राहिली.

२/ १८ सप्टेंबर १८९५, डेव्हनपोर्ट, आयोवा. डी. डी. पामर यांनी हार्वे लिलार्ड या सफाई कामगाराचा मणका दाबला आणि त्याचे बहिरेपण गेल्याचा दावा केला. हाच कायरोप्रॅक्टिकचा आरंभ मानला जातो.

३/ मात्र मानेच्या मणक्यांच्या छिद्रांतून दोन धमन्या मेंदूकडे जातात. त्यांचे अस्तर फाटल्यास रक्ताची गुठळी होऊन पक्षाघात संभवतो. १९४७ मध्येच अमेरिकी वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात अशा उपचारानंतरच्या मृत्यूंची नोंद झाली.

४/ दोष झटक्याचाच का? २००८ मध्ये कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतातल्या ८१८ पक्षाघातांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तरुण रुग्णांत कायरोप्रॅक्टरच्या भेटीशी संबंध आढळला; पण सामान्य डॉक्टरांच्या भेटीशीही तसाच आढळला. म्हणजे धमनी आधीच फाटलेली असावी आणि तिचीच वेदना रुग्णाला उपचाराकडे नेत असावी.

५/ २०१४ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने निष्कर्ष मांडला : संबंध दिसतो, कार्यकारणभाव सिद्ध नाही, तरीही रुग्णाला धोक्याची पूर्वकल्पना द्यावी.

६/ असा पक्षाघात विरळाच. परंतु मान अचानक, पूर्वी कधी नव्हे इतकी दुखू लागली, तर ती दुखरी धमनीही असू शकते. तेव्हा आधी तपासणी हवी. सलूनच्या खुर्चीत ती होत नाही.