अमेरिकेतील भौतिकोपचार डॉक्टरेट : प्रवेशाची पूर्वतयारी

अमेरिकेत भौतिकोपचारतज्ज्ञ म्हणून नव्याने व्यवसायात उतरू इच्छिणाऱ्यांसाठी 'डॉक्टर ऑफ फिजिकल थेरपी' म्हणजेच डीपीटी ही सर्वसाधारणपणे तीन वर्षांची पदवी आता आवश्यक ठरली आहे. नेब्रास्का राज्यातील क्रेटन विद्यापीठाने १९९३ मध्ये या स्वरूपाचा पहिला अभ्यासक्रम सुरू केला. २००० साली तेथील व्यावसायिक संघटनेने डॉक्टरेट हे उद्दिष्ट जाहीर केले आणि शिक्षणसंस्थांना अधिस्वीकृती देणाऱ्या 'कॅप्टी' या आयोगाने २०१६ पासून सर्व प्राथमिक व्यावसायिक अभ्यासक्रमांना डीपीटी अनिवार्य केली. पदवीच्या नावात 'डॉक्टर' असले तरी ही पीएचडी नव्हे. तिचा गाभा संशोधन प्रबंध नसून रुग्णसेवेचे प्रशिक्षण हा आहे आणि त्यात किमान ३० आठवडे पूर्णवेळ रुग्णालयीन काम समाविष्ट असते.

प्रवेशाची खरी तयारी अर्जाच्या वर्षी नव्हे, तर त्याआधी किमान दोन वर्षे सुरू होते. पदवी कोणत्याही विषयाची चालते. मात्र काही पूर्वअट विषय महाविद्यालयीन पातळीवर पूर्ण केलेले असावे लागतात. जीवशास्त्र, रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्र यांची प्रयोगशाळेसह प्रत्येकी दोन सत्रे, शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, संख्याशास्त्र आणि मानसशास्त्र असा त्यांचा सर्वसाधारण आराखडा असतो. तपशील विद्यापीठागणिक बदलतो. एका ठिकाणी ग्राह्य धरलेला विषय दुसरीकडे नाकारला जाऊ शकतो, किंवा फार वर्षांपूर्वी केला असल्यास पुन्हा करावा लागतो.

भारतातून जाणाऱ्या विद्यार्थ्यांची अडचण नेमकी येथेच होते. बारावीतील भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र, गुण कितीही चांगले असले तरी, तेथे शालेय शिक्षण समजले जाते. आपल्याकडील फिजिओथेरपीच्या पदवीत शरीररचना आणि शरीरक्रिया सविस्तर शिकविल्या जातात. पण मूलभूत भौतिकशास्त्र व रसायनशास्त्राची स्वतंत्र सत्रे बहुधा नसतात. काही विद्यापीठे तर हे विषय अमेरिकी संस्थेतच पूर्ण करण्याचा आग्रह धरतात. त्यामुळे विद्यापीठांची यादी करण्यापूर्वी आपल्या गुणपत्रिकांचे विषयवार मूल्यमापन करून घेणे श्रेयस्कर.

दुसरा घटक निरीक्षणाच्या तासांचा. परवानाधारक भौतिकोपचारतज्ज्ञाच्या सान्निध्यात राहून काम पाहिल्याची नोंद अनेक विद्यापीठे मागतात. तासांची संख्या ठिकठिकाणी वेगळी असते. संख्येइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व विविधतेला दिले जाते. खेळाडूंच्या दुखापतींचा एकच दवाखाना वर्षभर पाहिलेल्या उमेदवारापेक्षा पक्षाघाताचे रुग्ण, अतिदक्षता विभाग, वृद्धाश्रम आणि विशेष गरजा असलेली बालके यांच्याबरोबर होणारे काम जवळून पाहिलेल्या उमेदवाराकडे मुलाखतीत सांगण्यासारखे बरेच काही असते. भारतात पाहिलेले तास ग्राह्य धरले जातील का, हे त्या त्या विद्यापीठाकडून लेखी विचारून घ्यावे.

बहुतेक विद्यापीठांचे अर्ज 'पीटीकॅस' या केंद्रीय सेवेमार्फत स्वीकारले जातात. तिचे नवे सत्र साधारणतः जूनच्या मध्यास उघडते. अनेक संस्था अर्ज येतील त्या क्रमाने निर्णय घेत असल्याने अंतिम मुदतीच्या आठवड्यात पाठविलेला अर्ज नियमात बसला तरी उशिराचाच ठरतो. गुणपत्रिकांच्या पडताळणीसही काही आठवडे लागतात. या सेवेच्या गणनेत पुन्हा केलेल्या विषयाचे दोन्ही वेळचे गुण धरले जातात. सुधारित गुणांनी जुने गुण पुसले जात नाहीत. शिफारसपत्रे सहसा एक प्राध्यापक आणि एक भौतिकोपचारतज्ज्ञ यांची मागितली जातात. मोठ्या पदावरील, पण उमेदवाराला जेमतेम ओळखणाऱ्या व्यक्तीचे पत्र आणण्याची आपल्याकडची प्रथा येथे फारशी उपयोगी पडत नाही. जीआरई परीक्षेची अट अलीकडे अनेक संस्थांनी काढून टाकली असली तरी सर्वांनी नाही.

संस्थेची निवड करताना कॅप्टीची अधिस्वीकृती सर्वप्रथम तपासावी. नव्या अभ्यासक्रमांना 'उमेदवार' असा तात्पुरता दर्जा असतो. तो पूर्ण अधिस्वीकृतीची हमी देत नाही. पदवी पूर्ण करणाऱ्यांचे आणि परवाना परीक्षेत उत्तीर्ण होणाऱ्यांचे प्रमाण प्रसिद्ध करणे संस्थांवर बंधनकारक आहे. हे आकडे माहितीपुस्तिकेतील छायाचित्रांपेक्षा अधिक बोलके असतात. खर्चाचा विचारही आधीच करावा लागतो. परदेशी विद्यार्थ्यांना अमेरिकी संघराज्याची शैक्षणिक कर्जे मिळत नाहीत. तेथे स्थायिक कुटुंबांतील मुलांसाठीही परिस्थिती बदलली आहे : २०२५ च्या कायद्यानुसार पदव्युत्तर शिक्षणासाठीची 'ग्रॅड प्लस' कर्जे नव्या कर्जदारांसाठी १ जुलै २०२६ पासून बंद करण्याची तरतूद आहे.

भारतात फिजिओथेरपीची पदवी घेतलेल्यांनी मात्र वेगळा प्रश्न आधी सोडवावा : प्राथमिक डीपीटी आपल्याला हवीच आहे का? परदेशी पदवीचे मूल्यमापन एफसीसीपीटी यांसारख्या संस्थेकडून करून, कमी पडणारे विषय भरून काढून आणि इंग्रजीची चाचणी देऊन परवाना परीक्षेस बसण्याचा मार्ग उपलब्ध आहे. नियम राज्यनिहाय निराळे आहेत. याउलट 'ट्रान्झिशनल डीपीटी' हा व्यवसायात आधीच असलेल्यांसाठीचा अभ्यासक्रम असून कॅप्टी त्याला अधिस्वीकृती देत नाही. नावसाधर्म्यामुळे त्यालाच परवान्याचा दाखला समजून मोठे कर्ज काढणे महागात पडू शकते.

दोन्ही मार्ग शेवटी एनपीटीई या राष्ट्रीय परीक्षेकडे जातात. तिचे गुण २०० ते ८०० या श्रेणीत दिले जातात व उत्तीर्ण होण्यास ६०० आवश्यक असतात. वर्षातून तीनदा आणि आयुष्यात एकूण सहा वेळाच ही परीक्षा देता येते. जुलै २०१० मध्ये प्रश्न फुटल्याच्या कारणावरून भारत, पाकिस्तान, फिलिपिन्स आणि इजिप्त येथील पदवीधरांना ती देण्यास काही काळ मनाई करण्यात आली होती. २०११ पासून ही परीक्षा ठरावीक तारखांनाच घेतली जाऊ लागली.