काळा डॅडो : शहापूर (जि. भंडारा) परिसरातील आधुनिक स्वयंपाकघर

ओट्याच्या मागच्या कडेपासून वरच्या कपाटांपर्यंतच्या भिंतीवर टाइल, ग्रॅनाइट किंवा काच बसवून जो पट्टा केला जातो, त्याला गवंडी आणि टाइलवाले ‘डॅडो’ म्हणतात. फोडणीचे शिंतोडे, सिंकचे पाणी आणि वाफ भिंतीत मुरू न देणे हे त्याचे काम. ही नोंद काळ्या डॅडोपुरती आहे आणि ती भंडारा तालुक्यातील शहापूर डोळ्यांसमोर ठेवून केली आहे. हे शहापूर नागपूर–भंडारा महामार्गावरचे, जवाहरनगरच्या आयुध निर्माणीजवळचे. ठाणे जिल्ह्यातील तालुक्याचे शहापूर निराळे.

पूर्व विदर्भातल्या स्वयंपाकघराला काळी भिंत नवी नाही. कवेलूच्या घरात चुलीमागची भिंत काजळीने काळी व्हायची, सणासुदीला तिच्यावर पांढऱ्या मातीचा पोतारा फिरायचा आणि महिन्या-दोन महिन्यांत काजळी पुन्हा वर यायची. या भागात जवसाचे तेल खाण्यात होते. जवसाचे तेल हवेत सुकून घट्ट होते, वार्निश त्याच गुणावर बनते. धुरात मिसळून भिंतीवर बसलेला त्याचा थर नुसत्या ओल्या फडक्याने निघणे अवघडच. पुढे गॅस आला. भारतात घरगुती गॅसची सुरुवात मुंबईत १९५५ साली झाली, पण अनेक खेड्यांतल्या चुलीपर्यंत तो पोचायला उज्ज्वला योजनेचे २०१६ साल उजाडावे लागले. गॅसबरोबर उभा ओटा आला, त्यावर कडप्प्याची फरशी आणि मागे सहा-सहा इंचांच्या पांढऱ्या टाइल. धुरातून सुटका झाल्याची ती पांढरी खूण होती. त्यामुळे घराचे नूतनीकरण निघाले आणि सुनेने काळी टाइल पसंत केली की सासूबाईंच्या कपाळाला आठी पडते, यात नवल नाही. वास्तुशास्त्रवालेही स्वयंपाकघरात काळा नको म्हणतात. मात्र त्याच घरात पंचवीस वर्षे काळ्या कडप्प्यावर पोळ्या लाटल्या गेल्या, तेव्हा कोणी दिशा विचारल्या नव्हत्या.

काळ्यावर मळ दिसत नाही, ही समजूत अर्धीच खरी आहे. हळद, तिखट, तेलाचा पिवळा ओघळ, चहाचा डाग काळ्यावर लपतात. दिसते ते सगळे पांढरे. भंडारा हा धानाचा जिल्हा, इथे कुकर रोज भाताचा लागतो. शिट्टीबरोबर उडालेले पेजेचे थेंब काळ्या टाइलवर सुकले की प्रत्येकाची कडा पांढऱ्या कड्यासारखी उठून दिसते. कणकेचा आणि तांदळाच्या पिठाचा भुरका तसाच. सर्वांत चिवट पांढरे मात्र पाण्याचे. बोअरचे पाणी जड असेल तर सिंकमागच्या दोन फुटांत क्षारांचे ओघळ चढत जातात. पांढऱ्या टाइलवर हेच क्षार असतात, फक्त डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणून काळा डॅडो करणाऱ्याने रंगाच्या आधी पाणी पाहावे. नळाचे पाणी भांड्यात उकळल्यावर तळाशी पांढरा थर बसत असेल, तर सिंकमागचा भाग राखाडी किंवा दगडी नक्षीचा ठेवून काळा फक्त शेगडीमागे घेणे शहाणपणाचे. सरसकट काळा करायचाच असेल, तर भांडी घासून झाल्यावर भिंतीवर कोरडे फडके फिरवण्याची सवय घरात कोणाला आहे, हे आधी ठरवावे. हा प्रश्न टाइलच्या दुकानात सहसा विचारला जात नाही.

दुसरी बाब उजेडाची. पांढरी भिंत तिच्यावर पडलेला बहुतेक प्रकाश परत फेकते, काळी जवळजवळ सगळा गिळते. राष्ट्रीय इमारत संहितेत जेवणाची जागा वेगळी असल्यास स्वयंपाकघर किमान ५ चौरस मीटर आणि रुंदी किमान १.८ मीटर असावी असे म्हटले आहे. एवढ्या लहान खोलीत एकच खिडकी आणि छताच्या मध्यावर एक ट्यूब असेल, तर ओट्यापाशी उभ्या बाईची सावली तिच्याच विळीवर पडते आणि ओट्यामागे काळी भिंत आली की ती सावली आणखी दाट होते. उपाय साधा आहे : वरच्या कपाटाच्या तळाला एलईडी पट्टी. पण टाइल चकचकीत असेल तर पट्टीचा एकेक दिवा तीत मोजता येतो, म्हणून पट्टीवर दुधी झाकण हवे. काळा ओटा, काळा डॅडो आणि काळ्या ट्रॉल्या अशी तिन्ही गोष्टींची संगत छायाचित्रात शोभते, राहत्या घरात ती विहीर होते. तिन्हींपैकी एक गोष्ट उजळ ठेवावी. भंडारा पितळी भांड्यांसाठी नावाजलेले. काळ्या भिंतीपुढे पितळेचा गुंड किंवा पितळी मुठी जेवढ्या खुलतात तेवढ्या पांढऱ्यापुढे खुलत नाहीत. या परिसरात काळा डॅडो करण्याचे याहून चांगले कारण सापडणे कठीण.

साहित्यात बहुतेकांची निवड सिरॅमिक किंवा व्हिट्रिफाइड टाइल हीच असते. देशातला टाइलचा मोठा पुरवठा गुजरातच्या मोरबीतून होतो. साध्या सिरॅमिक टाइलला काळा रंग फक्त वरच्या चकाकीला असतो. नळासाठी भोक पाडताना किंवा कोपरा कापताना टवका उडाला की आतली लाल-पांढरी माती उघडी पडते. म्हणून कापीव कडा जास्त असतील तिथे आरपार एकाच रंगाची टाइल घ्यावी. मॅट टाइलवर तेलाचे बोट उमटते आणि घासावी लागते. चकचकीतवर थेंब उमटतो, पण पुसला की जातो. रोज फोडणी देणाऱ्या घराला चकचकीतच सोयीची, मासिकांत मॅटचे कौतुक कितीही असो.

ग्रॅनाइटचाच डॅडो करायचा तर काळ्या दगडाबाबत सावध राहावे. हलक्या करड्या दगडाला रंग पाजून तो काळाभोर म्हणून विकला जातो. पांढऱ्या फडक्यावर थिनर घेऊन घासले आणि फडके काळे झाले, तर दगड नाकारावा. कडप्पा स्वस्त, पण तो चुनखडीचा दगड. लिंबू, चिंच, व्हिनेगर यांनी त्याची चमक उडते. काच लावायची तर शेगडीमागे टफन्डच हवी आणि तिला स्विचबोर्डांची भोके भट्टीत जाण्याआधीच पाडावी लागतात. नंतर ड्रिल लावले तर पूर्ण काचेचा भुगा होतो. म्हणजे मिक्सर, ओव्हन, पाण्याचे फिल्टर यांचे पॉइंट काचेच्या आधी पक्के झाले पाहिजेत. अॅल्युमिनियमचे पत्रे चिकटवलेली प्लास्टिक गाभ्याची स्वस्त पॅनेले शेगडीमागे लावू नयेत, गाभा पेटतो.

कामात सर्वांत जास्त चुका सांध्यांत होतात. काळ्या टाइलमध्ये पांढरे ग्राउट भरले की हळद पहिल्यांदा तिथे बसते. काळे सिमेंट ग्राउट भरले तर क्षार वर येऊन ते करडे पडते. एपॉक्सी ग्राउट महाग, पण इथे तेच टिकते. भिंत ओळंब्यात नसेल तर चकचकीत काळ्यात कपाटाखालून पडणाऱ्या उजेडाने एकेक टाइल उंच-सखल दिसते, तेव्हा आधी प्लास्टर दुरुस्त करून घ्यावे. बसवल्यावर लाकडी दांडीने ठोकून पाहावे. पोकळ वाजेल ती टाइल त्याच दिवशी काढायला लावावी.

खर्चाचा बाऊ करण्याचे कारण नाही. दहा फुटी ओटा आणि दोन फुटी पट्टा म्हणजे २० चौरस फूट. कापण्यातली तूट धरून २२ चौरस फूट टाइल पुरते. संपूर्ण स्वयंपाकघराच्या खर्चात हा तुकडा लहान, आणि तो न आवडल्यास ट्रॉल्या न हलवता बदलता येतो. साफसफाईला अॅसिड वापरू नये, सिमेंटचे सांधे त्याने खाल्ले जातात. क्षारांसाठी पातळ व्हिनेगर चालते, पण ते फक्त टाइलवर, कडप्प्यावर नाही. एकाच काळ्या रंगाच्या दोन खेपांतही छटेचा फरक येतो, म्हणून खोक्यावरचा खेपक्रमांक जुळवून घ्यावा आणि त्याच खेपेतल्या दोन-तीन टाइल माळ्यावर टाकून ठेवाव्यात.