फिरंग : एका रोगाची नावे

रोगाला नाव देताना माणूस बहुधा शेजाऱ्याकडे बोट दाखवतो. सिफिलिसइतके याचे ठळक उदाहरण क्वचितच सापडेल. १४९५ साली फ्रान्सचा राजा आठवा चार्ल्स याचे सैन्य नेपल्समध्ये असताना ही साथ उसळली आणि सैन्य पांगले तशी युरोपभर पसरली. इटलीचे लोक तिला ‘फ्रेंच रोग’ म्हणत, फ्रेंच ‘नेपल्सचा रोग’, तर रशियन ‘पोलंडचा रोग’. १५३० साली व्हेरोनाच्या फ्राकास्तोरो या वैद्यकवीने आपल्या लॅटिन काव्यात सिफिलस नावाच्या मेंढपाळाला हा रोग जडल्याची कथा रचली. आजचे नाव त्या मेंढपाळावरून आले.

आपल्याकडे नाव पडले ‘फिरंग’. १४९८ साली वास्को द गामा कालिकतला पोहोचला, १५१० साली गोवा पोर्तुगीजांच्या हाती गेला आणि त्याच शतकात भावमिश्राने ‘भावप्रकाशा’त फिरंग रोगाचे वर्णन केले. फिरंग्यांच्या देशात तो फार आढळतो म्हणून हे नाव, आणि त्यांच्या अंगसंसर्गाने तो होतो, असे तो सांगतो. जुना ‘उपदंश’ त्याला माहीत होता; तरी हा वेगळा आणि बाहेरून आलेला, हे त्याने ओळखले. बाह्य, आभ्यंतर आणि दोन्हींचा मिळून तिसरा असे प्रकार त्याने केले आणि नाक बसणे, हाडे झिजणे हे उपद्रवही नोंदवले.

उपचाराला पारा आणि चोपचिनी. चोपचिनी ही चीनकडून येणारी मुळी. आपल्या वैद्यांनी तिला ‘द्वीपांतर वचा’ म्हटले, म्हणजे दुसऱ्या बेटावरचे वेखंड. गोव्यात राहणाऱ्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली गोव्यातच छापलेल्या आपल्या ग्रंथात तिच्यावर लिहिले आहे. रोग परका म्हणून हिणवला गेला. औषध मात्र तितकेच परके असूनही दोन्ही बाजूंनी जवळ केले.

या औषधांवर इतका विश्वास का बसला, याचे एक उत्तर रोगाच्या स्वभावात आहे. संसर्गानंतर साधारण तीन आठवड्यांनी एक न दुखणारा व्रण उठतो आणि काही आठवड्यांत आपोआप भरतो. पुढे अंगावर, तळहात-तळपायांवरही पुरळ येते, तेही जाते. मग वर्षानुवर्षे शांतता. रोग्याला वाटे, गुण आला. वैद्यालाही वाटे. आत मात्र जंतू जिवंत असतात आणि उपचार न झालेल्या काहींच्या बाबतीत दहा ते तीस वर्षांनी ते हृदय, महारोहिणी, मेंदू पोखरतात. पाऱ्याने लाळ गळे, दात पडत. तरी रोग हटल्याचे श्रेय त्यालाच मिळे.

हा मळसूत्रासारखा जंतू १९०५ साली बर्लिनमध्ये शाउडिन आणि हॉफमन यांनी पाहिला. १९१० साली एर्लिख आणि हाता यांचे साल्व्हर्सान आले, १९४३ साली पेनिसिलिनने रोगी बरे झाले. आज सुरुवातीच्या अवस्थेत चोवीस लाख युनिटांचे बेंझाथीन पेनिसिलिनचे एक इंजेक्शन सहसा पुरते.

पण ‘तो त्यांचा रोग’ ही वृत्ती औषधाने गेली नाही. अमेरिकेत टस्कीगी येथे १९३२ पासून ३९९ रोगी कृष्णवर्णीय पुरुषांना, पेनिसिलिन हाताशी आल्यावरही, केवळ निरीक्षणासाठी उपचाराविना ठेवले गेले. हा प्रकार १९७२ साली उघड झाला, तेव्हा थांबला.

आपल्या बोलीत या रोगाला ‘गरमी’ म्हणतात, आणि तो शब्दही खालच्या आवाजात. या कुजबुजीची किंमत पोटातल्या जिवाला मोजावी लागते. कारण रोग वारेतून बाळापर्यंत जातो, गर्भ दगावतो किंवा मूल रोग घेऊन जन्मते. गरोदरपणात रक्ताची एक तपासणी आणि वेळेवर पेनिसिलिन एवढ्याने हे बहुतांशी टळते. पाचशे वर्षे हा रोग कोणाचा, यावर माणसे भांडली. जंतूला फिरंगी आणि देशी हा भेद कधीच ठाऊक नव्हता.