बिगुल

निवडणूक जाहीर होताच वृत्तपत्रांच्या मथळ्यांत ‘बिगुल’ वाजते. इंग्रजीतून मराठीत आलेल्या या शब्दाचे मूळ लॅटिन ‘बुकुलुस’, म्हणजे गोऱ्हा, हे आहे. जुन्या फ्रेंचमध्ये ‘ब्युगल’ हे रानबैलाचे नाव. त्याच्या शिंगाचे वाद्य ते इंग्रजीत ‘ब्युगल हॉर्न’. पुढे ‘हॉर्न’ गळाले आणि जनावराचे नाव तेवढे पितळी नळीला चिकटले. आपले ‘रणशिंग’ अधिक प्रामाणिक. धातूचे झाले तरी शिंग विसरले नाही. संस्कृत ‘शृंग’, इंग्रजी ‘हॉर्न’ आणि लॅटिन ‘कोर्नु’ हे दूरचे भाऊबंदच.

युरोपात १८व्या शतकात हनोव्हरच्या हलक्या पायदळाने अर्धचंद्राकृती बिगुल वापरले. साध्या बिगुलाला कळा नसतात. ओठांचा ताण व फुंकर यांवरच स्वर बदलतात आणि लष्करी इशाऱ्यांना जेमतेम पाच स्वर पुरतात. रणांगणाच्या कोलाहलात सेनापतीचा हुकूम त्यांतूनच पोहोचत असे. सैनिकाला पहाटे उठवणारी ‘रिव्हेली’ याच स्वरांची. ‘लास्ट पोस्ट’ मुळात छावणीतील दिवस संपल्याची सूचना; आज ती हुतात्मा जवानाच्या अंत्यसंस्कारात वाजते.