गळावरची माशी आणि फिरता व्हाइस



मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत एका ताईंनी मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. लोखंडी जबड्यात बारीकसा गळ धरलेला. माणूस दांडी फिरवतोय, तसा तो गळच गरागरा फिरतोय आणि त्याच्यावर कोंबड्याचं पीस गुंडाळलं जातंय. हे काय चाललंय, हा सगळ्यांचा पहिला प्रश्न. दुसरा लगेच आला, हे यंत्र केवढ्याला मिळतं? यंत्र दिसलं की आधी किंमत विचारायची, ही आपल्या गटांची जुनी सवय. आम्ही म्हटलं, थांबा, आधी या गळाची गोष्ट शोधू. शोधायला गेलो तर त्यात बायकाच बायका निघाल्या.

आपल्याकडे गळाला गांडूळ लावतात, नाहीतर कणकेची गोळी. थंड देशांतल्या नद्यांमध्ये ट्राउट नावाचा मासा असतो. तो पाण्यावरचे किडे, पाखरं खातो. तिथल्या लोकांनी खऱ्या किड्याऐवजी खोटा किडा करायला घेतला. गळाच्या दांडीवर दोरा, लोकर, पिसं, केस असं बांधायचं की पाण्यावर पडल्यावर माशाला ते पाखरू वाटावं. इंग्रजीत त्याला फ्लाय म्हणतात, म्हणजे माशी. आपणही माशीच म्हणू.

ही कला जुनी आहे. इंग्लंडमध्ये १४९६ साली छापलेल्या एका पुस्तकात बारा प्रकारच्या माश्या कशा बांधायच्या ते दिलं आहे. ते पुस्तक डेम जुलियाना बर्नर्स नावाच्या एका मठातल्या साध्वीच्या नावावर सांगतात. ती बाई खरंच होऊन गेली का, यावर अभ्यासकांचा वाद आहे. पण पाचशे वर्षं हा मान बाईच्या नावावर राहिला, हेही काही कमी नाही.

त्या काळी हातात व्हाइस नव्हता. व्हाइस म्हणजे फॅब्रिकेशनच्या दुकानात टेबलाला बसवलेला जबडा असतो ना, दांडा पिळला की वस्तू घट्ट धरणारा, तोच, फक्त अगदी छोटा. तो नसताना डाव्या हाताच्या दोन बोटांत गळ धरायचा आणि उजव्या हाताने बांधायचं. बोट सुटलं की सगळं उकललं. एकोणिसाव्या शतकात छोटे व्हाइस वापरात यायला लागले आणि डावा हात मोकळा झाला.

त्याच शतकात अमेरिकेत व्हरमाँट राज्यातल्या मँचेस्टर गावी मेरी ऑर्व्हिस मार्बरी होत्या, जन्म १८५६ चा. वडिलांचं मासेमारीच्या सामानाचं दुकान. मेरीताईंनी माश्या बांधायचा विभाग हातात घेतला, आणि तिथे बांधणाऱ्या सगळ्या बायका. अडचण अशी होती की एकाच नावाची माशी एका गावात तांबडी तर दुसऱ्या गावात करडी. गिऱ्हाईक नाव सांगून मागवायचं आणि हातात भलतंच पडायचं. आपल्या मसाल्याच्या ऑर्डरींचं असंच होतं बघा, ‘घाटी मसाला’ म्हटलं की दर तालुक्याला वेगळा. मेरीताईंनी देशभरातल्या गळवाल्यांची पत्रं गोळा केली, कोणती माशी कशी आणि कुठे चालते ते लिहून घेतलं आणि १८९२ साली रंगीत चित्रांचं जाडजूड पुस्तक काढलं. त्यात अडीचशेहून जास्त माश्या आहेत. पुढच्या वर्षी शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्यांच्या माश्यांच्या पाट्या मांडल्या गेल्या. त्या मँचेस्टरच्या संग्रहालयात आजही जपून ठेवल्या आहेत.

पण आम्हाला सगळ्यात भावल्या त्या कॅरी स्टीव्हन्स. अमेरिकेच्या मेन राज्यात अप्पर डॅम नावाच्या ठिकाणी त्या राहायच्या. नवरा मासेमारीला आलेल्या पाहुण्यांचा वाटाड्या. १ जुलै १९२४ ला, म्हणे घरातलं काम अर्धं टाकून, त्यांनी एक नवी माशी बांधली. ती किड्यासारखी नव्हती, छोट्या माशासारखी लांबट होती. ती घेऊन त्या धरणाखालच्या डोहावर गेल्या आणि ६ पौंड १३ औंसांचा, म्हणजे तीन किलोंच्या वरचा ट्राउट काढला. एका मोठ्या मासिकाच्या स्पर्धेत त्याला दुसरं बक्षीस मिळालं. मासिकात नाव छापून आलं आणि ऑर्डरी सुरू झाल्या. १९५३ साली धंदा विकेपर्यंत त्या माश्या बांधत राहिल्या.

आणि या कॅरीताई व्हाइस वापरत नसत. बाजारात व्हाइस होते, ऑर्डरी भरपूर होत्या, तरी बांधायच्या त्या बोटांतच. मग एवढा माल कसा निघायचा? त्यांनी काम तोडून घेतलं होतं. पंखाचे भाग, म्हणजे लांब पीस, त्यावर आखूड पीस, त्यावर गालाचं पीस, हे आधीच एकमेकांना चिकटवून तयार ठेवायच्या. गळ हातात घेतला की शेवटची बांधणी तेवढी उरायची. माशीच्या डोक्यावरच्या काळ्या दोऱ्यावर तांबड्या दोऱ्याचा एक बारीक पट्टा द्यायच्या. तो पट्टा दिसला की माल कॅरीताईंचा. याला आपण आता ब्रँड म्हणतो आणि त्यासाठी दोन दिवसांचं प्रशिक्षण ठेवतो.

त्या गालाच्या पिसाचं नातं थेट आपल्या डोंगराशी आहे. कॅरीताईंची सगळ्यात गाजलेली माशी ‘ग्रे घोस्ट’. तिच्या गालावर जे पीस लागतं ते करड्या रानकोंबड्याच्या मानेचं. सह्याद्रीच्या जंगलात पहाटे आरवतो तोच हा. त्याच्या मानेच्या पिसांवर मेणाचा थेंब सुकल्यासारखे पिवळसर, कडक ठिपके असतात आणि पाण्यात ते माशाच्या डोळ्यासारखे दिसतात. आपल्या देशातून ही पिसं पूर्वी परदेशी जात. त्यापायी पक्षी किती मारले गेले असतील याचा विचार करा. आता १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याची शिकार आणि पिसांचा व्यापार गुन्हा आहे. कुणी ‘पिसं गोळा करून द्या, भाव देतो’ म्हणत गावात आलं तर गटाने त्या नादाला लागू नये.

स्कॉटलंडमध्ये ब्रोरा गावाजवळ समुद्राकाठच्या छोट्या घरात मेगन बॉइड राहायच्या. सामन माशासाठीच्या त्यांच्या माश्या इतक्या देखण्या की राजपुत्र चार्ल्सही त्यांचे गिऱ्हाईक. १९७१ साली त्यांना सरकारी पदक जाहीर झालं, पण कुत्र्याला सांभाळायला कुणी नाही म्हणून त्या राणीकडे ते घ्यायला गेल्या नाहीत, असं सांगतात. दर मात्र त्यांनी कमीच ठेवला. पुढे संग्राहकांनी त्याच माश्यांना कितीतरी पट किंमत मोजली. आणि शेवटी डोळ्यांनी साथ सोडली, म्हणून काम थांबवावं लागलं. विडी वळणाऱ्या, बारीक टाका घालणाऱ्या आपल्या बायकांना हे वेगळं सांगायला नको.

आता तो व्हिडिओमधला फिरता व्हाइस. साध्या व्हाइसमध्ये गळ जागच्या जागी राहतो आणि तुमचा हात त्याच्याभोवती फिरतो. फिरत्यात जबडाच फिरतो. शिलाई मशीनवर बॉबिन भरताना काय करतो आपण? बॉबिन फिरते, बोटाने फक्त दोऱ्याला ताण देतो, आणि दोरा एकसारखा बसतो. तसंच हे. एका हाताने दांडी फिरवायची, दुसऱ्याने पीस सोडत जायचं. शिवाय माशीची पलीकडची बाजू मान न वळवता बघता येते. अमेरिकेतल्या अँडी रेन्झेट्टी आणि नॉर्म नॉरलँडर या कारागिरांची नावं अशा व्हाइसशी कायमची जोडली गेली आहेत.

पण दुकानात ‘फिरता’ म्हणून मिळतो तो प्रत्येक व्हाइस तसा नसतो. काहींचा जबडा फिरतो, पण गळाची दांडी फिरण्याच्या मध्यावर नसते. मग गळ जागच्या जागी न फिरता गोल घिरट्या घालतो. जात्याचा खुंटा मध्यावर नसेल तर वरचा दगड कसा हेलकावतो, तसं. अशा व्हाइसवर माशी उलटून बघता येते, पीस गुंडाळता येत नाही. फरक ओळखायला गळ लावायचा, दांडी सावकाश फिरवायची आणि गळाच्या दांडीवर नजर ठेवायची. ती वरखाली हलली तर हा व्हाइस फक्त बघण्यापुरता.

दुसरी परीक्षा पकडीची. आपण जो सगळ्यात बारीक आणि सगळ्यात जाड गळ वापरणार, ते दोन्ही घरून न्यायचे. दुकानदाराच्या मधल्या मापाच्या गळावर भरवसा नको. गळ लावून बोटाने खाली दाबायचा. तो जबड्यात घसरला तर पुढचं बघायलाच नको. फिरवताना किती जोर लागतो तो कमीजास्त करता येतो का, डावखुऱ्या बाईला दांडी दुसऱ्या बाजूला घेता येते का, आणि बांधणीचा दोरा बाजूला टांगून ठेवायला आकडा आहे का, हेही बघायचं. आकडा नसेल तर गळाबरोबर दोराही गुंडाळला जातो आणि फिरवण्याचा उपयोगच राहत नाही. टेबलाला आवळायचा व्हाइस घट्ट बसतो, पण त्याला टेबलाची कड हवी. जड पाट्याचा कुठेही ठेवता येतो, मात्र उचलून न्यायला जड.

आणि ज्या माशीत पंख बसवण्याचंच काम जास्त, गुंडाळण्याचं कमी, तिच्यासाठी फिरत्यावर पैसे घालायची फारशी गरज नाही. कॅरीताईंचं काम तसंच होतं.

आम्ही हे एवढं खोलात का गेलो ते सांगतो. आमच्याच एका गटाने काही वर्षांपूर्वी कर्ज काढून शेवयांचं मशीन घेतलं. दुकानात ते झकास चाललं. गावात आणल्यावर कळलं की मोटार थ्री फेजची आणि ज्या घरात ठेवायचं तिथे सिंगल फेज. विकणाऱ्याने सांगितलं नाही, हे खरं. पण आम्हीही विचारलं नव्हतं. हप्ते सुरू झाले आणि मशीन गोणपाटाखाली गेलं. ते हप्ते बायकांनी खुरपणीच्या मजुरीतून फेडले. तो हिशोब आमच्याच वहीत आहे.

आता दुसऱ्या एका गटाला भरतकामाचं मशीन घ्यायचंय. कर्जाचा अर्ज लिहून तयार आहे, सह्या बाकी आहेत. सोमवारी दोन ताया तालुक्याला जाणार आहेत. पिशवीत आपलं खणाचं कापड, आपला दोरा आणि ज्या घरात मशीन ठेवायचं त्या घराचं वीजबिल. मशीनवाल्यांना फोनवर सांगून ठेवलंय, तुमचं नमुन्याचं कापड काढू नका, आम्ही आमचं आणतोय.